विमान उडते प्रोसेसरवर, वाट पाहते डिस्कची
फ्लाइट सिम्युलेटरसाठी संगणक विकणाऱ्यांनी व घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावयाचा हिशेब

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की जिल्ह्याच्या गावी एखाद्या गाळ्यात असो, संगणक जोडून देणे व दुरुस्त करणे हा आमच्या अनेक बांधवांचा आज रोजीरोटीचा धंदा आहे. या धंद्यात एक विशेष प्रकारचे गिऱ्हाईक वरचेवर येऊ लागले आहे. त्याला संगणकावर पत्रे लिहावयाची नसतात की हिशेब ठेवावयाचा नसतो. त्याला घरबसल्या विमान उडवावयाचे असते. कोणी हौशी असतो, कोणी वैमानिक होण्याची तयारी करणारा तरुण असतो. त्याच्यासोबत बहुधा वडीलही आलेले असतात आणि पैसे त्यांच्या खिशातून जावयाचे असतात. मुलगा सांगतो, ‘विमान अडकत अडकत उडते, जमीन धूसर दिसते.’ दुकानदार उत्तर देतो, ‘हार्ड डिस्क मंद आहे, वेगवान डिस्क टाका, सगळे ठीक होईल.’

हे उत्तर अर्धे खरे आहे आणि अर्धे खरे उत्तरच धंद्यात सर्वांत महाग पडते. नवी डिस्क बसते, पैसे चुकते होतात आणि आठ दिवसांनी तोच मुलगा त्याच तक्रारीसह परत येतो. वडील मात्र परत येत नाहीत; ते मोहल्ल्यात चार जणांना सांगतात. म्हणूनच डिस्कच्या वेगाने फ्लाइट सिम्युलेटरमध्ये नेमके काय सुधारते आणि काय मुळीच सुधारत नाही, याचा हिशेब आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

माग, टोपली आणि गोदाम

भिवंडी-मालेगावच्या आमच्या यंत्रमागधारक बांधवांना ही गोष्ट चटकन उमजेल. माग मिनिटाला किती फेरे घेतो, हे मागाच्या यंत्रावर ठरते. परंतु बाण्याची कांडी वेळेवर हाताशी आली नाही, तर कितीही वेगवान माग उभाच राहतो. आणि कांड्या गरजेपेक्षा दुप्पट वेगाने आणून टाकल्या, तरी माग त्याच्या चालीपेक्षा अधिक वेगाने चालत नाही.

संगणकात प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हा माग आहे. रॅम ही मागाशेजारची टोपली आहे. डिस्क हे गोदाम आहे. सिम्युलेटरमध्ये विमानाची गती, वारा, पंखांवरचा दाब यांचे गणित प्रोसेसर करतो. पडद्यावरचे चित्र ग्राफिक्स कार्ड रंगवते. सेकंदाला किती चित्रे, म्हणजे फ्रेम, तयार होतात ते या दोघांवर ठरते. डिस्कचे काम एवढेच की पुढे येणारी जमीन, इमारती, धावपट्टी, झाडे यांची चित्रे वेळेवर रॅममध्ये पोचवावयाची. तेव्हा डिस्क वेगवान केल्याने माग थांबणे कमी होते, मागाची चाल वाढत नाही. साऱ्या लेखाचे सार या एका वाक्यात आहे; पुढे त्याची कारणे पाहू.

दर सेकंदाचे मेगाबाइट फसवे का?

हार्ड डिस्कच्या खोक्यावर दर सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइट वाचनाचा आकडा असतो. तो खोटा नाही. पण तो एकच मोठी फाइल सलग वाचताना मिळतो. सिम्युलेटर तसे वाचत नाही. त्याला हजारो लहान फाइली निरनिराळ्या जागांवरून उचलावयाच्या असतात.

फिरत्या डिस्कची चाल तिच्या यंत्रावर बांधलेली आहे. ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडे अधिक. सुईचा दांडा योग्य पट्ट्यावर जाण्यास आणखी ९ मिलिसेकंदांच्या आसपास. एकूण सुमारे १३ मिलिसेकंद. याचा अर्थ, विखुरलेल्या जागांवरून वाचावयाचे झाल्यास ही डिस्क सेकंदाला ७५च्या जवळपास तुकडे उचलू शकते. प्रत्येक तुकडा ६४ किलोबाइटचा धरला, तर पदरात पडतात सेकंदाला सुमारे ५ मेगाबाइट. खोक्यावरचे दीडशे कोठे आणि हातात आलेले पाच कोठे! लॅपटॉपमधील ५४०० फेऱ्यांच्या डिस्कचे तर याहूनही कमी भरते.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही. तेथे एक तुकडा सापडण्यास मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. खरा फरक येथे आहे. साध्या साटा एसएसडीचा सलग वेग साडेपाचशे मेगाबाइटच्या आसपास, म्हणजे हार्ड डिस्कच्या तीन-चार पट दिसतो. पण विखुरलेले तुकडे शोधण्यात ती शंभर पटीहून पुढे जाते.

जमीन धूसर का होते?

मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची पहिली आवृत्ती १९८२च्या नोव्हेंबरात आयबीएम पीसीसाठी आली, तेव्हा सारा कार्यक्रम एका फ्लॉपीत मावत होता. २००६च्या ऑक्टोबरात ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ आले ते दोन डीव्हीडींवर. या आवृत्तीच्या काळात डिस्कचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. तो कार्यक्रम ३२ बिटचा होता. यंत्रात कितीही रॅम घातली, तरी ४ गीगाबाइटच्या पलीकडची त्याला वापरता येत नसे. टोपली लहान, म्हणून गोदामाकडे खेपा अधिक. त्यात हौशी मंडळी वरून विकत घेतलेली छायाचित्रांची जमीन घालीत आणि मग विमानाखालची जमीन चिखल फासल्यासारखी धूसर दिसू लागे.

असे का होते, याचे एक ढोबळ गणित आम्ही करून दाखवितो. लहान सेसना विमान ताशी १२० नॉट, म्हणजे मिनिटाला ३.७ किलोमीटर जाते. प्रवासी जेट ४५० नॉटने मिनिटाला सुमारे १४ किलोमीटर कापते. मार्गाखालचा १० किलोमीटर रुंद पट्टा स्पष्ट दाखवावयाचा आणि छायाचित्राचा प्रत्येक ठिपका जमिनीवरील अर्ध्या मीटरचा धरला, तर एका चौरस किलोमीटरला ४० लाख ठिपके होतात. दाबून लहान केलेल्या चित्रात ठिपक्याला अर्धा बाइट धरू. सेसनासाठी मिनिटाला सुमारे ७४ मेगाबाइट लागतात, म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइट. जेटसाठी मिनिटाला २८० मेगाबाइट, म्हणजे सेकंदाला पावणेपाच.

आता वरचा पाच मेगाबाइटचा आकडा आठवा. सेसनाला तीच हार्ड डिस्क पुरून उरते. जेटला ती काठावर येते. इमारती, झाडे व विमानतळ यांची चित्रे अजून मोजलेलीच नाहीत! म्हणूनच ‘लहान विमानात ठीक चालते, जेटमध्ये जमीन पुसट होते’ अशी तक्रार आली, तर जाणत्या कारागिराने ओळखावे की येथे दोष पुरवठ्याचा असण्याचा संभव मोठा आहे.

त्या काळी हौशी लोकांनी यावर उपायही शोधले. वेस्टर्न डिजिटलची ‘रॅप्टर’ ही १०,००० फेऱ्यांची डिस्क २००३ साली आली होती. फेरा ६ मिलिसेकंदांचा, म्हणून शोध लवकर. ती अवघ्या ३६ गीगाबाइटची होती, तरी सिम्युलेटरवाल्यांनी तिला मागणी केली. विंडोज एका डिस्कवर आणि सिम्युलेटर दुसऱ्या डिस्कवर ठेवण्याची रीतही तेव्हाचीच. २००८ साली इंटेलची ८० गीगाबाइटची एक्स-२५-एम एसएसडी बाजारात आली आणि फेऱ्यांच्या या शर्यतीचा अर्थच हळूहळू संपला.

झटका आणि मंदपणा, दोन वेगळे आजार

गिऱ्हाईक दोन निरनिराळ्या तक्रारींना एकच नाव देते: ‘अडकते’. कारागिराने त्या वेगळ्या कराव्यात.

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० फ्रेम असतील, तर ३३. हार्ड डिस्कवरचा एकच शोध १३ मिलिसेकंद खातो. कार्यक्रम चित्र रंगविताना अशा दोन-तीन शोधांसाठी थांबला, तर त्या दोन फ्रेम गेल्याच. विमान सुरळीत चालते, एखाद्या शहराजवळ वा विमानतळाजवळ येताच दचकते आणि पुन्हा सुरळीत होते. हा झटका, व तो बहुधा पुरवठ्याचा आजार. नीट बांधलेला कार्यक्रम डिस्कचे वाचन वेगळ्या रांगेत ठेवतो. तेव्हा झटका बसत नाही, पण जमीन उशिरा स्पष्ट होते.

याउलट, उड्डाणभर फ्रेम २०च्या वर जातच नाहीत, आकाशात काही नसतानाही पडदा जड वाटतो, तर तो मंदपणा. हा मागाचा आजार आहे. येथे जगातील सर्वांत महाग डिस्क बसविली, तरी २०चे २१ होणार नाहीत.

तिसरा एक आजार या दोहोंच्या मध्ये लपतो. यंत्रात रॅमच कमी असेल, तर विंडोज उरलेला माल डिस्कवर मांडून ठेवते व लागेल तसा परत आणते. मग दिवा सारखा लुकलुकतो आणि सारे यंत्र रांगते. पाहणाऱ्याला वाटते डिस्क मंद आहे. खरी उणीव टोपलीची असते. डिस्क बदलून थोडा आराम पडेल, पण आजार रॅम वाढविल्याशिवाय जाणार नाही.

२०२० नंतरचा बाजार

१८ ऑगस्ट २०२० रोजी ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ची नवी आवृत्ती आली. तिने डिस्कवर १५० गीगाबाइट जागा मागितली. युरोपात तिची खोक्यातली आवृत्ती दहा दुहेरी थरांच्या डीव्हीडींवर विकली गेली. कंपनीने दिलेल्या यादीत किमान यंत्रासाठी साधी हार्ड डिस्क चालेल असे होते, उत्तम यंत्रासाठी मात्र एसएसडी लिहिली होती. पुढे जुलै २०२१ मध्ये हाच कार्यक्रम एक्सबॉक्सवर आला, तो एसएसडी असलेल्या नव्या सिरीज एक्स व सिरीज एस यंत्रांवर. फिरती डिस्क असलेल्या जुन्या एक्सबॉक्स वनवर तो बसविता येईल असा कधी दिलाच गेला नाही. बनविणाऱ्यांनीच हार्ड डिस्कला कोठे बसविले, हे यावरून कळावे.

मग जितकी वेगवान एसएसडी तितके चांगले, असे म्हणावे काय? नाही. साटा एसएसडीचा सलग वेग साडेपाचशे मेगाबाइट, तर चौथ्या पिढीच्या एनव्हीएमईचा सात हजारांपर्यंत. कागदावर हा फरक बारा पटींहून अधिक. पण डिस्कवरचा माल दाबून बांधलेला असतो. तो सोडून मांडण्याचे काम प्रोसेसरला करावे लागते. हार्ड डिस्कवर प्रोसेसर मालाची वाट पाहत बसतो; साटा एसएसडीवर माल प्रोसेसरची वाट पाहू लागतो. त्यापुढे वेग वाढविला, तर गोदामाच्या दारात मालाचा ढीग होतो, कापड वाढत नाही. म्हणून हार्ड डिस्कवरून साध्या एसएसडीवर जाताना कार्यक्रम उघडण्याच्या वेळात डोळ्यांना दिसेल असा फरक पडतो. साध्या एसएसडीवरून सर्वांत महाग एनव्हीएमईवर जाताना तो फार थोडा राहतो.

१९ नोव्हेंबर २०२४ रोजी आलेल्या ‘फ्लाइट सिम्युलेटर २०२४’ने तर हिशेबच पालटला. या आवृत्तीला डिस्कवर ५० गीगाबाइट जागा पुरते, कारण जमिनीबरोबर विमाने व इतर पुष्कळ माल उड्डाण चालू असताना इंटरनेटवरून येतो. किमान जोडणी १० मेगाबिटची आणि शिफारस ५० मेगाबिटची आहे. रॅम किमान १६ गीगाबाइट, शिफारस ३२ची. म्हणजे मुख्य गोदाम आता घरात राहिलेच नाही. पहिल्याच दिवशी याचा धडा मिळाला. बनविणाऱ्यांनी २ लाख काल्पनिक वापरकर्ते धरून आपली व्यवस्था तपासली होती. प्रत्यक्ष गर्दीपुढे ती कोलमडली आणि लोक सुरुवातीच्या पडद्यावरच खोळंबून राहिले. त्या दिवशी ज्याच्याकडे सर्वांत महाग डिस्क होती, तोही इतरांइतकाच खोळंबला.

तरीही घरच्या डिस्कचे एक काम शिल्लक आहे. इंटरनेटवरून आलेला माल सिम्युलेटर एका राखीव फाइलीत साठवितो, म्हणजे त्याच भागावरून पुन्हा उडताना तो परत उतरवून घ्यावा लागत नाही. ही फाइल मंद हार्ड डिस्कवर असेल, तर साठवणीचा फायदा जाऊन उलट अडथळाच होतो. ती एसएसडीवर ठेवावी. या कामास पैसे लागत नाहीत. कारागिराने सेटिंगमध्ये पाहण्याची तसदी घ्यावी लागते, इतकेच.

विकण्याआधी तपासा

आमची व्यापारी बंधूंना विनंती आहे की असे गिऱ्हाईक आल्यास सौदा करण्याआधी अर्धा तास त्याच्या यंत्राला द्यावा.

पहिली गोष्ट, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि मगच घड्याळ लावून सिम्युलेटर उघडण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. दुसऱ्यांदा उघडले की विंडोजने पुष्कळ फाइली रॅममध्ये धरून ठेवलेल्या असतात. वेळ आपोआप कमी येतो आणि दोघेही फसतात. डिस्क बदलण्यापूर्वीची व नंतरची वेळ याच रीतीने घेऊन गिऱ्हाइकाला दाखवावी.

दुसरी गोष्ट, विमान उडत असताना टास्क मॅनेजर उघडून पाहावा. झटक्याच्या क्षणी डिस्क शंभर टक्क्यांवर जात असेल, तर दोष पुरवठ्याचा. रॅम काठोकाठ भरली असेल, तर आधी रॅम. डिस्क निवांत असूनही फ्रेम कमी असतील, तर प्रोसेसर वा ग्राफिक्स कार्ड. २०२०च्या आवृत्तीत डेव्हलपर मोड चालू केला, की अडचण प्रोसेसरच्या मुख्य रांगेत आहे की ग्राफिक्स कार्डात, हे पडद्यावर लिहूनच येते. तेथे प्रोसेसरचा एकूण आकडा कमी दिसला म्हणून फसू नये. एकच गाभा पूर्ण कामात असून बाकीचे रिकामे बसलेले असू शकतात.

तिसरी गोष्ट, यंत्रात काय बसते ते पाहावे. काही लॅपटॉपच्या एम-२ खाचेत केवळ साटा प्रकार चालतो. पुष्कळ जुने मदरबोर्ड एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करू शकत नाहीत. अशा यंत्रात साटा एसएसडी निमूटपणे बसवावी. जुन्या ३ गीगाबिटच्या साटा जोडणीवर तिचा सलग वेग अर्ध्यावर येईल, पण तुकडे शोधण्याची चपळाई कायम राहते आणि सिम्युलेटरला हवी असते ती तीच.

चौथी गोष्ट, डिस्क नवी म्हणून विकत असाल, तर ती किती तास चाललेली आहे ते तपासून गिऱ्हाइकासमोर दाखवावे. वापरलेली असेल, तर तसे सांगून तशाच भावात द्यावी. आणि एसएसडी पार काठोकाठ भरू नये, तिला हार्ड डिस्कप्रमाणे वरचेवर डीफ्रॅगही करू नये, या दोन सूचना बिलासोबत द्याव्यात.

पैसा कोठे आधी घालावा?

घेणाऱ्या वाचकांसाठी आमचा क्रम असा. यंत्रात अजून फिरती डिस्क असेल, तर पहिला पैसा साध्या एसएसडीत घालावा. जुनी डिस्क फेकू नये, घरचे व्हिडिओ व कागदपत्रांची प्रत ठेवण्यास ती उपयोगी पडते. रॅम १६ गीगाबाइटहून कमी असेल, तर दुसरा पैसा रॅममध्ये. या दोन्ही गोष्टी असूनही पडदा जड वाटत असेल, तर मग ग्राफिक्स कार्ड वा प्रोसेसर. तेथे डिस्कचे नावही काढू नये. नवे यंत्र घेताना साटा व एनव्हीएमई यांच्या किमतीत विशेष अंतर नसेल, तर एनव्हीएमई खुशाल घ्यावी. पण सर्वांत वरच्या वेगासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे जागेसाठी वा रॅमसाठी खर्चावे. २०२४ची आवृत्ती चालवावयाची असेल, तर घरची इंटरनेट जोडणी आधी मोजावी. वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांच्या पालकांनी एवढेही ध्यानी ठेवावे की घरच्या संगणकावरील उड्डाणाचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. सरावास हे साधन चांगले आहे. पण त्यासाठी कर्ज काढण्याचे कारण नाही.

आणि विकणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. ज्या दिवशी दुकानदार सांगतो, ‘तुमची डिस्क ठीक आहे, डिस्क बदलू नका, रॅम घाला,’ त्या दिवशी कदाचित त्याचा नफा काही रुपयांनी कमी होतो. पण पडद्यावरचे आकडे दाखवून सांगितलेले हे बोल तो बाप विसरत नाही. पुढचा संगणक, धाकट्या मुलाचा लॅपटॉप, शेजाऱ्याचा प्रिंटर, सारे त्याच गाळ्यात येते. लहान गाळ्याच्या कारागिराला मोठ्या दुकानांच्या सवलतींशी झुंजावयाचे असेल, तर त्याच्याकडे हीच पुंजी आहे: नीट तपासणी आणि खरी जबान.